लेथ पडला, आता वाजवून बघू का?

प्रश्न : आमचं गाव डोंगरी. मुंबईतलं नव्हे, भाईंदर पश्चिमेचं, उत्तनच्या वाटेवरचं. घरामागच्या पडवीत छोटं वर्कशॉप सुरू करायचं म्हणून एक जुना सहाफुटी लेथ घेतला. उत्तन, चौक, पालीच्या बोटींचे शाफ्ट, बुश, पंख्याची कामं मिळतील असा हिशोब होता. टेम्पोतून मशीन सुखरूप खाली आलं. मग पाइपांवरून सरकवत पडवीकडे नेताना एक पाइप मऊ मातीत रुतला आणि लेथ पुढच्या अंगावर आडवा झाला. टेलस्टॉकचं हँडव्हील तुटलं, बाकी वरून काही दिसत नाही. विकणारा म्हणतो, ‘बीड आहे, त्याला काय होतंय? वायर जोडा आणि चालू करा.’ टेम्पोवाला काही लिहून द्यायला तयार नाही. गावातले एक जुने फिटरकाका म्हणाले, ‘हातोडीने वाजवून बघ. तडा असेल तर आवाजच सांगेल.’ हे खरं आहे का? आतला तडा आवाजावरून कळतो कसा? आणि महागडी उपकरणं नसताना मशीन शाबूत आहे की नाही ते कसं ठरवायचं? त्याच टेम्पोत बेंच ग्राइंडरही होता. तो उतरवताना हातातून सुटला, खोक्यासकट खाली आला.
एक वाचक, डोंगरी (भाईंदर पश्चिम)

उत्तर : तुमचं पत्र वाचून लगेच फोन केला तेव्हा आधी माणसांचं विचारलं होतं. कुणाचा हातपाय सापडला नाही हे ऐकून जिवात जीव आला. टनभराचं मशीन कलायला लागलं की हात लावून सावरावं असं वाटतंच, आणि चांगली धडधाकट माणसं तिथेच अडकतात. कललेलं मशीन सोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, एवढं सोबतच्या पोरांना सांगून ठेवा. मशीन पुन्हा उभं करता येतं.

फोनवर आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वीज जोडू नका, आणि पडल्या जागेचे फोटो काढल्याशिवाय मशीन उचलू नका. तुम्ही दोन्ही पाळल्या, म्हणून पुढचं सगळं शक्य आहे. इतर वाचकांनाही उपयोग होईल म्हणून बाकीचं इथे सविस्तर लिहितो.

फिटरकाकांचं म्हणणं खरं आहे, पण तुमच्या लेथच्या बेडला ते जेमतेम निम्मं लागू पडतं. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

बाजारात माठ घेताना आजी बोटाच्या पेराने टिचकी मारून घ्यायची. खणखणीत वाजला तर घरी यायचा, बद्द वाजला तर तिथेच राहायचा. अख्खी वस्तू ठोक्यानंतर एकसंध थरथरते आणि ती थरथर काही वेळ टिकते. तडा असला की त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, त्या घासण्यात थरथर विरून जाते, आणि कानाला बसका किंवा चिरका आवाज येतो. रेल्वे स्टेशनात उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस जुन्या लोकांनी पाहिलेला आहे. तो हेच ऐकत असायचा. तुमच्या गावाला तर या गोष्टीचं फार जवळचं उदाहरण आहे. चौकजवळच्या धारावी किल्ल्यावर चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. १७३९ च्या मे महिन्यात त्यांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांची वसई पडली, आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावरच्या देवळांत नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ चा आकडा आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ चा. एवढा जड ओतीव ऐवज समुद्रकाठावरून घाटमाथ्यापलीकडे गेला. घंटेचा एक फायदा असा की ती वाटेत फुटली की नाही हे तपासायला टांगून एक ठोका पुरतो.

घंटा काशाची असते आणि वरच्या एका टोकाला मोकळी टांगलेली असते. लेथचा बेड करड्या बिडाचा. करड्या बिडाच्या पोटात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या विखुरलेल्या असतात आणि त्या थरथर गिळून टाकतात. म्हणून तर मशीनचे बेड बिडाचे ओततात. कापताना हत्यार थरथरलं की जॉबवर लाटा उमटतात. बीड ती थरथर मुरवतं आणि काम गुळगुळीत होतं. पण ज्या गुणासाठी बेड बिडाचा करतात, त्याच गुणामुळे तो ठोक्याला नीट उत्तर देत नाही. शाबूत बीडही पोलादापेक्षा बसकंच वाजतं. त्यात तुमचा बेड बोल्टांनी पायांना जखडलेला, वर ऑइल, रंग आणि जुन्या मशीनवर हमखास असणारी पुट्टी. तेव्हा बेडवर हातोडी मारून ‘बद्द वाजतंय’ म्हणून मशीन मोडीत काढू नका, आणि ‘ठणठणीत आहे’ म्हणून निर्धास्तही होऊ नका.

हातोडीचा उपयोग सुट्या भागांवर करा. चकची बॅकप्लेट, गिअर, पुली, तुटलेल्या हँडव्हीलशेजारची दुसरी व्हील असे भाग काढता येत असतील तर काढा, दोरीला टांगा आणि छोट्या हातोडीने हलके वाजवा. बेडवर वाजवायचंच असेल तर डावी-उजवी तुलना करा. पुढच्या डाव्या पायाचा कान आणि पुढच्या उजव्या पायाचा कान, तीच हातोडी, तेवढाच ठोका. एका बाजूला चर्रर्र असा चिरका सूर आला तर तिथली पुट्टी खरवडून खाली बघा. आवाजाने संशयाची जागा दाखवली, एवढंच त्याचं काम.

आता विकणाऱ्याच्या ‘बीड आहे, काय होतंय’ याबद्दल. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात याचं उत्तर आहे. घावन-आंबोळ्यांचा बिडाचा तवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्यावर कितीही वजन ठेवा. तोच तवा फरशीवर पडला तर दोन तुकडे होतात. तो कधी वाकत नाही. बीड दाब अफाट सोसतं, ताण फार थोडा. पोलादाला झटका बसला तर ते वाकून इशारा देतं. बीड एकतर जसंच्या तसं राहतं, नाहीतर तडकतं. पडलेल्या मशीनची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे. बिडाच्या भागांत तडा शोधायचा आणि पोलादाच्या भागांत वाक. ‘बेड वाकला असेल का?’ असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. तो वाकलेला असण्याची भीती जवळजवळ सोडून द्या. लीडस्क्रू वाकलेला असेल का, हा खरा प्रश्न आहे.

मशीन उचलल्यावर मातीत पडलेला खळगा बुजवण्याआधी मोजायला सांगितलं होतं, ते कशासाठी, हेही सांगतो. लेथ आडवा होताना त्याचा भारमध्य अंदाजे अर्धा मीटर खाली आला असं धरू. मातीने पाच सेंटिमीटर दबून त्याला थांबवलं असेल तर मशीनवर सरासरी त्याच्या वजनाच्या दहापट धक्का बसला. तोच लेथ काँक्रीटवर पडला असता आणि अर्ध्या सेंटिमीटरात थांबला असता, तर धक्का शंभरपट. तुमचा खळगा सात सेंटिमीटर खोल भरला. ज्या मऊ मातीने पाइप गिळून मशीन पाडलं, तिनेच ते बरंचसं वाचवलंही आहे. शिवाय खळग्याचा आकार सांगतो की आधी काय टेकलं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सगळ्यात खोल खूण टेलस्टॉकच्या बाजूला आहे, दुसरी एप्रनच्या हँडव्हीलची. तपासणी तिथूनच सुरू करायची.

आधी नुसतं बघा. उन्हात, किंवा बॅटरी तिरपी धरून. तिरप्या उजेडात तड्याची सावली पडते, समोरून मारलेल्या उजेडात तो लपतो. पायांचे बोल्ट जातात ते कान, बेडच्या पोटातल्या आडव्या पट्ट्या, चकखालच्या गॅपचे कोपरे, टेलस्टॉकचा तळ, लीडस्क्रूचं टोक धरणारं ब्रॅकेट, गिअरबॉक्सचं झाकण, मोटरची पाटी आणि पुलीचे आरे, या जागा ओळीने पाहून घ्या. तडा बहुतेक वेळा जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथे, नाहीतर भोकाच्या काठापासून सुरू होतो.

तुटलेली कड दिसली तर ती ताजी की जुनी, हे रंगावरून कळतं. ताजी कड स्वच्छ करडी, खरखरीत, साखरेच्या दाण्यांसारखी चमकते. जुन्या कडेवर गंज किंवा काळं ऑइल मुरलेलं असतं. इथे तुमच्या डोंगरीची एक अडचण आहे. समुद्र हाकेवर आहे आणि हवा खारी. पुण्यात आठवडाभर करडी राहील अशी कड तुमच्याकडे एका दमट रात्रीत तांबूस होते. मग विकणारा म्हणणार, ‘हा तर जुनाच तडा आहे’, आणि तुम्हाला काही सिद्ध करता येणार नाही. म्हणून ताज्या कडेचा फोटो त्याच दिवशी, शेजारी पट्टी ठेवून, आणि लगेच वर ऑइलचा हात.

जिथे संशय आहे पण दिसत नाही, तिथे रॉकेल आणि खडूची जुनी परीक्षा करा. रॉकेल आता सहज मिळत नाही, पण बोटींच्या गावात डिझेल मिळेल. पुट्टी आणि रंग खरवडून बीड उघडं करा, पुसून कोरडं करा, डिझेलचा हात मारा आणि अर्धा तास राहू द्या. मग कोरड्या फडक्याने अगदी लख्ख पुसा आणि वर खडूची पूड बोटाने चोपडा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. आसपास विडी-काडी नको. पूर्वी रेल्वेच्या कार्यशाळांत आंसांची तपासणी तेल आणि चुन्याने अशीच व्हायची. आजची लाल रंगाची डाय पेनिट्रंट टेस्ट याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती आहे. तिचा तीन डब्यांचा स्प्रे मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतो. मोक्याच्या एक-दोन जागांसाठी तो आणणं परवडतं. करडं बीड थोडं सच्छिद्र असतं, त्यामुळे ठिपके उमटले तर घाबरू नका. सलग रेघ उमटली तर थांबा.

तडा सापडलाच तर लगेच हाय खाऊ नका. तो कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. पायाच्या कानाला असेल तर ब्रेझिंगने किंवा बोल्टची पट्टी मारून काम भागतं, आणि तसे पाय घेऊन लेथ वर्षानुवर्षं चालतात. गिअरबॉक्सच्या झाकणाला असेल तर चिंताच नाही. पण तडा बेडच्या स्लाइडवरून आडवा जात असेल किंवा हेडस्टॉकच्या बेअरिंगच्या घरात असेल, तर कुणी कितीही छातीठोकपणे ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणालं तरी देऊ नका. बीड एका जागी तापवलं की आजूबाजूचा भाग ओढला जातो. तडा बुजतो आणि मशीनची अचूकता जाते. अशा जागांसाठी धातू न तापवता टाके घालण्याची पद्धत आहे, पण जुन्या सहाफुटी लेथला तो खर्च झेपेल असं मला वाटत नाही.

आता पोलादाचे भाग. हे हाताने करायचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या तपासणीतलं हेच सगळ्यात जास्त सांगून जाणारं. गिअर न्यूट्रलला टाका आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. एक फेरा पूर्ण, मग दुसरा. नंतर क्रॉस स्लाइड, कंपाउंड, कॅरेज, एकेक हँडल शेवटपर्यंत. वाकलेल्या स्क्रूची खूण ठरलेली आहे. प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी जड, त्याच जागी हलकं. नुसता जाम असेल तर सगळीकडे सारखा जड लागतो, तो मळ किंवा घट्ट गिब, म्हणजे स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी, असू शकते. शिकाऊ असताना ठाण्याच्या एका कारखान्यात माझ्या हातून हीच चूक झाली. उतरवताना आपटलेल्या मिलिंग मशीनचं हँडल जड लागलं, तर मी गिब सैल करून ते ‘बरं’ केलं. वाकलेला स्क्रू त्या ढिलाईत लपला. महिनाभर आमची सगळी भोकं थोडी थोडी सरकत होती आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. आमच्या फोरमननी शेवटी स्क्रू बाहेर काढून काचेवर लोळवला, आणि मला काही न बोलता तो डोलताना बघायला लावला. तेव्हापासून काही जड लागलं तर सैल करण्याआधी मी फेरे मोजतो.

तुमचा लेथ पुढच्या अंगावर पडला आहे, आणि लीडस्क्रू व फीड शाफ्ट पुढच्याच अंगाला असतात. हाफनट सोडवा, लीडस्क्रू हाताने फिरवा आणि मधोमध डायल गेज लावून काटा बघा. डायल गेज नसेल तर स्क्रूजवळ एखादी तार स्थिर बांधा आणि फटीकडे बघा. लांब स्क्रू स्वतःच्या वजनाने किंचित झोल खातो, ती फट फिरवताना बदलत नाही. वाकलेला असेल तर फेऱ्यागणिक फट कमी-जास्त होते. टेलस्टॉकचं हँडव्हील तुटताना त्याने धक्का मागच्या स्क्रूला दिलेला असणार. बॅरल बाहेर काढा, स्क्रू सुटा करा आणि जाड काचेवर लोळवा. नवं हँडव्हील मिळेल किंवा ओतून घेता येईल, ती फार मोठी गोष्ट नाही. त्याच्यामागचा स्क्रू तपासल्याशिवाय मात्र ते बसवू नका.

बेअरिंगची गोष्ट थोडी फसवी आहे. मोठा झटका बसला की बॉल बेअरिंगच्या कड्यात गोळ्यांच्या अंतरा-अंतरावर सूक्ष्म खळगे पडतात. अशा खुणांना ब्रिनेल खुणा म्हणतात. धातूवर पोलादी गोळी दाबून उमटलेल्या खळग्यावरून कठीणपणा मोजण्याची पद्धत ज्या स्वीडिश अभियंता योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडली, त्यांचंच हे नाव. हाताने फिरवताना हे खळगे जाणवतीलच असं नाही, वेगात मात्र गुरगुर सुरू होते. तुमच्या लेथला गनमेटलचे बुश असतील तर हा धोका फारसा नाही. ते आधी बघून घ्या.

हेडस्टॉक आणि बेडच्या सांध्यावर रंगाची जुनी रेघ तुटली आहे का तेही पाहा. तुटली असेल तर तिथे फीलर गेजची सर्वांत पातळ पात घालून बघा. आत शिरत असेल तर हेडस्टॉक हललेला आहे.

मोजमापाला सुरुवात करण्याआधी मशीन पक्क्या जमिनीवर हवं. पडवीची माती काढून काँक्रीट घालताय हे चांगलं केलंत, पण ते निदान आठवडाभर पिकू द्या. मग मशिनिस्ट लेव्हल आणा, जिचा एक भाग मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवतो. गवंड्याची लेव्हल इथे चालणार नाही. विकत घेण्याची गरज नाही, भाईंदर पूर्वेच्या एखाद्या शॉपमधून दोन दिवसांपुरती आणा. ती हेडस्टॉकजवळ बेडवर आडवी ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते लिहून घ्या, मग टेलस्टॉकच्या टोकाला ठेवा. दोन वाचनांत फरक म्हणजे बेडला पीळ. इथे बरेच जण घाबरून निष्कर्ष काढतात. वर म्हटलं तसं, बीड पडल्याने कायमचं पिळत नाही. पण एक पाय अधांतरी राहिला तर स्वतःच्या वजनाने जरूर पिळतं. पायाखाली पत्र्याच्या शिम घालून पीळ काढा, बोल्ट आवळा आणि आठवडाभराने पुन्हा बघा. लेव्हल टिकली तर दोष जमिनीचा होता. शिम घालूनही पीळ जात नसेल, किंवा परत परत येत असेल, तर बेडखालच्या पट्ट्या खडू-डिझेलने पुन्हा तपासा.

स्पिंडलच्या नाकावर डायल गेज लावून हाताने फेरा द्या. नव्या मशीनला काटा ०.०१ मिलिमीटरच्या आत हलावा असा दंडक आहे. लेथच्या अशा चाचण्यांची पद्धतशीर मांडणी जर्मन अभियंता गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली केली. बोटीच्या शाफ्टसाठी जुन्या लेथवर याच्या दुप्पट हललं तरी मी ते स्वीकारीन. महत्त्वाचं आहे ते झीज आणि इजा यांतला फरक ओळखणं. झीज वर्षांची असते. ती चकजवळ जास्त आणि टोकाला कमी, कारण बहुतेक काम चकजवळ होतं, आणि ती हळूहळू बदलत जाते. इजा एका जागी, अचानक, ताज्या खुणेसह असते. कॅरेज चकजवळ सैल आणि टोकाला घट्ट लागली तर ते पडण्याचं पाप नव्हे, ते मशीनचं वय आहे. ते विकत घेताना बघायला हवं होतं.

इतकं सगळं ठीक निघालं की मग वीज. आडवं पडलेल्या मशीनमधलं ऑइल वाहून मोटरीत आणि स्विचमध्ये गेलेलं असू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने मोटरचं इन्सुलेशन तपासून घ्या. एक मेगोहमच्या खाली असेल तर मोटर वाळवल्याशिवाय जोडायची नाही. अर्थिंग पक्कं हवं. हेडस्टॉकचं ऑइल काढून फडक्यातून गाळा आणि चुरा बघा. चमकता ताजा तुकडा निघाला तर गिअरचा एकेक दात मोजा. मग चक काढून, सर्वांत कमी वेगावर, बाजूला उभं राहून एक मिनिट चालवा आणि बंद करा. कान द्या. मग पाच मिनिटं. मग वेग एकेक पायरी वाढवत अर्धा तास. बेअरिंगच्या घरावर हात ठेवता आला पाहिजे.

शेवटी दोन कॉलरची परीक्षा. चकमध्ये तीसेक मिलिमीटर व्यासाची सळई वीतभर बाहेर काढून धरा, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग थोडा खोल उतरवून दोन टोकांना दोन कड्या ठेवा. मग क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कड्यांवरून एकच हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत आला तर तुमच्या कामाला हा लेथ उत्तम आहे. जास्त आला आणि लेव्हल बरोबर असेल, तर हेडस्टॉककडे परत जा.

नुकसानभरपाईचं थोडक्यात. वाहतूक कंपनीने पावती फाडून माल घेतला असेल तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागू होतो, आणि दावा लावण्याआधी माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मालाची किंमत पावतीवर लिहिलेली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीत आटोपते, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा. तुमच्यासारखा पावतीशिवाय बोलावलेला स्थानिक टेम्पो असेल तर हा मार्ग अवघड आहे. शिवाय मशीन टेम्पोतून उतरल्यावर पडलं, तेव्हा टेम्पोवाल्यावर सगळं ढकलणं मला न्याय्यही वाटत नाही. वाहतूक विमा घेतला असता तर ‘अ’ प्रकारात सर्व धोके येतात. ‘ब’ प्रकारात गाडी उलटणं, धडकणं, आग असे मोजकेच प्रसंग. विमा असेल त्यांनी सर्व्हेअर येईपर्यंत काही दुरुस्त करू नये. ताबा घेताना कागदावर सही करायची असेल तर सहीशेजारी जे दिसतं ते लिहा, ‘हँडव्हील तुटलेलं, आतून तपासणी बाकी’. एवढे चार शब्द लिहायला संकोच करू नका.

आता तो ग्राइंडर. या सगळ्यात मला जास्त काळजी त्याचीच आहे. लेथला तडा असेल तर काम बिघडेल. ग्राइंडिंग व्हील तडकलेलं असेल तर ते मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात फुटतं आणि समोरच्याच्या तोंडावर येतं. फिटरकाकांची परीक्षा इथे मात्र पुरेपूर लागू आहे. दोन्ही व्हील काढा, कोरडी करा, एकेक व्हील मधल्या भोकातून बोटावर किंवा खिळ्यावर टांगा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने काठाजवळ चार ठिकाणी हलकं वाजवा. साध्या चिनीमातीच्या बांधणीचं शाबूत व्हील स्वच्छ किणकिणतं. बद्द वाजलं तर फोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून बसवणार नाही. रेझिनच्या बांधणीचं व्हील मुळातच तसं किणकिणत नाही, त्याला ही परीक्षा लावू नका. ते पडलेलं आहे, बदलून टाका. खरं सांगू, दोन्ही बदला. व्हील काही शेकड्यांत येतं.

काँक्रीट पिकलं, लेव्हल झाली की दोन कॉलरचे आकडे आणि लीडस्क्रूच्या मधोमध काटा किती हलला ते कळवा. पुढच्या डाव्या पायाच्या कानाचा एक फोटोही पाठवा, पुट्टी खरवडून. तुमच्या आधीच्या फोटोत तिथे रंगाची एक कपची उडालेली दिसते आणि तिच्याखाली काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.